रोशनीचं दुसरं वर्ष

पळस्पे फाटा मागे पडला आणि समीक्षाचे पाय बोलायला लागले. गोव्याकडच्या गाड्या फाट्यावर वळून गेल्या होत्या, त्यामुळे पालखीपुढचा बँजो आता नीट ऐकू येत होता. करंजाच्या कोळ्यांची ही पालखी चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईला चालत जाते. काल ती पनवेलला मुक्कामाला आली आणि पहाटे रोडपालीची समीक्षा तीत सामील झाली. तशी ती आईची भक्तच, पण यंदा निघाली ती बालमैत्रीण रोशनीच्या सोबतीला.

आणि रोशनी अशी झपाझप चालली होती की सोबत कसली करायची!

"अगं जरा हळू," समीक्षा म्हणाली. "आई काही देऊळ उचलून पुढं नेणार नाहीय."

"हळू चाललं की विचार येतात."

मागून शांतीआत्या आली. सत्तरीची बाई, पण पाय पोरीचे. तिनं रोशनीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय गो रोशने, नवस तुजा का आयशीचा?"

"आयशीचा, आत्या. तिचे गुडघे गेले, म्हणून पाय माझे."

"मंग फळ कोनाला?"

"मिळू दे तर खरं. वाटून खाऊ."

"तुज्या फळाचं काय खरं नाय बाय! आमची पोरं शिकली, नोकरीला लागली, त्यांची पोरं साळंत जाया लागली, आन तू अजून शिकतंसच हाय."

आजूबाजूच्या बाया हसल्या. रोशनीही हसली. पण समीक्षानं तिच्याकडे पाहिलं तेव्हा ते हसू पुरतं ओठांपर्यंतही आलेलं नव्हतं.

रोशनी ही करंजाच्या बुधाजी नाखव्याची मुलगी. बाप दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आई भीमाबाई उरणच्या बाजारात मासळी विकायची. उरणच्या मराठी शाळेत समीक्षा आणि ती एका बाकावर बसायच्या. समीक्षाचं माहेर मिठागरवाल्यांचं, त्यामुळे एकीच्या दप्तराला मासळीचा वास नि दुसरीच्या पायांना मिठाच्या भेगा. बाई दोघींना मिळून शेवटच्या बाकावर बसवायच्या.

रोशनी दहा वर्षांची असताना बुधाजींचा पाय नांगराच्या दोरात अडकून मोडला. त्यांना ज्या दवाखान्यात नेलं तिथं एक्स-रे काढणारा एकटाच होता. त्यानं बुधाजींना टेबलावर झोपवलं, पाय सरळ केला आणि पोरीला सांगितलं, "हलू देऊ नकोस हां, घट्ट धर." आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. खटका वाजला. तो परत आल्यावर रोशनीनं विचारलं, "तुम्ही बाहेर का गेलात?"

"किरणं असतात ना बाळा. रोज रोज अंगावर घेणं बरं नाही."

"मग मी?"

"तू काय रोज येणारेस?"

उत्तर काही चुकीचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या तिनं समीक्षाला विचारलं, "किती वेळा झालं म्हणजे रोज गं?" समीक्षाला कळलंच नाही ही काय विचारतेय. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या पुढचं पान उघडा. तो प्रश्न पोरीनं धरून ठेवला, जसा बापाचा पाय धरून ठेवला होता.

पुढं दोघी पनवेलच्या कॉलेजात आल्या. समीक्षाचं पहिल्या वर्षानंतर लग्न झालं, रोडपालीच्या हितेश घरतशी. रोशनी शिकत राहिली. इंग्रजी पुस्तकातला शब्द वाचता आला नाही की त्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहायची. तिची पुस्तकं बघून वर्गातल्या मुली हसायच्या. नंतर त्याच मुली परीक्षेच्या आधी तीच पुस्तकं मागायला यायच्या. बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं, मग विद्यापीठात किरणांचा पेशींवर होणारा परिणाम या विषयात पीएच.डी. प्रबंधाचे शेवटचे महिने तिनं करंजाला घरी काढले, सुकत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांखाली खाट टाकून. कावळे हाकलायचं काम आपोआप तिच्याकडे आलं.

पदवी मिळाली तेव्हा भीमाबाईनं आळीभर पेढे वाटले. पंधरा दिवसांनी लेक पुन्हा पुस्तकं भरायला लागली, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"पास झालीस ना गो? का फसवतंस मना?"

"झाले गं आये."

"मंग आजून कसला आभ्यास?"

"हे बघ, जाळं ओढायला आलं म्हणून बाबांना कोणी लगेच बोट दिली का? तांडेलाच्या हाताखाली त्यांनी हंगाम काढलेच ना? तसंच आहे हे. डॉक्टरेटनंतरचं शिकणं. सरकार त्याचे पैसे देतं."

"सरकार? फुकट बसायला?"

"बसायला नाही. किरणांनी माणसाच्या तब्येतीला काय होतं ते मोजायला माणसं लागतात. ती तयार करायला सरकारची फेलोशिप आहे."

भीमाबाईला सगळं कळलं नाही, पण तांडेलाचं कळलं. तिनं एकवीरेला नवस बोलला, पोरीला ते सरकारचं मिळू दे, अनवाणी चालत येईन. मिळालं. वाशीच्या एका लॅबनं कायमची नोकरी देऊ केली होती, ती रोशनीनं सोडली. फेलोशिप दोन वर्षांची. पहिलं वर्ष झालं की दिल्लीची समिती काम बघणार, पटलं तरच दुसरं वर्ष. आणि वयाची अट अशी की एकदा बंद झालं तर रोशनीला पुन्हा अर्जच करता येणार नव्हता.

पनवेल-उरण पट्ट्यात लहान लहान नर्सिंग होम आहेत. तिथल्या एक्स-रे टेक्निशियनांचं रक्त तपासायचं, असं काम तिनं घेतलं. ही माणसं रोज त्या खोलीत असतात. पेशंट म्हातारा असला, पोर असलं, तर कित्येकदा स्वतःच त्याला धरून उभी राहतात. किरणं फार झाली की रक्तातल्या पेशींमधले बारीक धागे तुटतात आणि तुटलेली टोकं भलतीकडेच जोडली जातात. काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की असे धागे मोजता येतात. रोशनी हजारो पेशी बघायची. डोळे लाल करून रोडपालीला यायची, समीक्षाच्या हातचा चहा घ्यायची आणि म्हणायची, "आज सापडला एक." जसा गळाला मासा लागावा.

हितेशही टेक्निशियनच, पनवेलच्या एका नर्सिंग होममध्ये. त्यानंही रक्त दिलं होतं.

हे सगळं समीक्षाला माहीत होतं. पण फाल्गुनात समितीपुढं काय झालं ते रोशनीनं तिला आज, शेडुंगच्या पुढं सांगितलं, तेही चालण्याचा वेग जराही कमी न करता.

"बिल्ला असतो ना त्यांना, छातीला लावायचा? अंगावर किती किरणं पडली ते त्यात उमटतं. तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. तर माझ्या काही माणसांचे बिल्ले एकदम कोरे. काहीच नाही. आणि त्यांच्या रक्तात तुटके धागे."

"मग?"

"मग समितीतले एक सर म्हणाले, मॅडम, बिल्ला खोटं बोलत नाही. तुमचं मोजणं चुकतंय. परत मोजा."

"मोजलंस?"

"सगळं. दुसऱ्या मुलीकडून पण मोजून घेतलं, तिला न सांगता कोणाची पट्टी आहे ते. तेच येतंय. वैशाखात पुन्हा बोलावलंय. तोवर कारण सांगता आलं नाही, तर दुसरं वर्ष नाही."

"अगं मग इथं काय करतेस? अभ्यास करायचा ना!"

"आईचा नवस आहे. आणि तिथं बसून काय करू? कारण काचपट्टीवर नाही, एवढं कळलंय मला. ते कुठं आहे ते कळत नाहीय." तिनं पदरानं मान पुसली. "पण मी सोडणार नाही, समू. चुकलं असेल तर माझं चुकलेलं पण मलाच सापडलं पाहिजे."

दुपारची विश्रांती चौकला, एका शाळेच्या पडवीत. डांबर इतकं तापलं होतं की बाया पडवीच्या गार फरशीवर पाय टेकवून नुसत्या बसून राहिल्या. पंगत वाढली, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. समीक्षानं मैत्रिणीचं मन रमवायचं म्हणून घरच्या गोष्टी काढल्या. सासरे तुळशीराम कसे अजून रोज सकाळी नव्या टॉवरांच्या मधोमध जाऊन आपली सरकारनं घेतलेली शेतं मोजतात, सासूबाई कमळाबाई कशा टीव्हीवरच्या कीर्तनकाराला नमस्कार करतात.

"आणि तुझ्या त्या किरणांचं तर आमच्या आईंना भ्याच नाही," ती हसत म्हणाली. "बिल्ला आहे ना राखणीला!"

"राखणीला म्हणजे?"

"देव्हाऱ्यात. एकवीरेच्या टाकाशेजारी ठेवलाय. रोज फूल वाहतात."

रोशनीचा घास हातात राहिला. "हितेशचा बिल्ला?"

"हो, मग कुणाचा? जमीन गेल्यावर पहिला दसरा आला ना, तेव्हाची गोष्ट. पाटावर पूजेला ठेवायला काही राहिलंच नव्हतं. कोयता गंजून गेला, नांगर तर बाबांनी विकून टाकला. आई रिकामा पाट बघून रडायला लागल्या. ह्यांना म्हणाल्या, तुजं हत्यार कोंचं ते आन. आता मशीन कसं आणणार? ह्यांनी खिशाचा बिल्ला काढून पाटावर ठेवला. हळद-कुंकू, झेंडू, सगळं झालं. आणि दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर जाताना घ्यायला गेले तर आई आडव्या! पूजलेलं हत्यार खिशाला लावून संडासात जाशील? लोकांची हागमूत होते तिथं नेशील?"

"मग?"

"मग काय, आईंपुढं कोण बोलणार? राहिला तिथंच. द्यायची वेळ आली की कुंकू पुसून नेऊन देतात, नवीन आला की संध्याकाळी देव्हाऱ्यात. खूप वर्षं झाली की." समीक्षा भाकरी मोडत म्हणाली. "आईंची भाची आहे ना, नवीन पनवेलच्या दयारामची बायको? दयाराम पण एक्स-रेलाच आहे. तिनं आमच्याकडचं बघून तिच्या घरी तसंच केलं. तिच्या जावेनं पण, तिचा नवरा..."

ती थांबली. रोशनीनं ताट खाली ठेवलं होतं आणि ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी. शांतीआत्यानं पलीकडून विचारलं, "काय झालं गो हिला, ऊन लागलं का?"

"कोरे," रोशनी म्हणाली. "कोरे असणारच. देव्हाऱ्यात किरणं कुठली?"

मग तिचं हसू एकदम गेलं. तिनं समीक्षाचं मनगट धरलं. "तो राखण करत नाही गं. तो नुसता मोजतो. अंगावर असला तरच मोजतो."

समीक्षाला हे समजायला वेळ लागला नाही. दवाखान्यातल्या माणसाची बायको होती ती. घास गिळून तिनं विचारलं, "म्हणजे ह्यांना काही झालंय?"

"कोणाचं रक्त कसं ते मी सांगू शकत नाही. तुलाच काय, कोणालाच नाही. नावं पण नसतात पट्टीवर. आणि तुटके धागे सापडले म्हणजे आजार झाला असं नाही. जास्त पडतंय, एवढंच. म्हणून तर कळायला हवं ना किती पडतंय ते. घरी गेल्यावर पहिल्यांदा तो बिल्ला हितेशच्या खिशाला लाव. सासूबाईंना मी समजावते."

ऊन उतरल्यावर पालखी उठली. रात्रीचा मुक्काम खोपोलीला होता. रोशनी आता हळू चालत होती, म्हणजे विचार येत होते. आणि समीक्षाच्या मनात भलताच विचार शिरला होता. ती एकेक पाऊल टाकत त्याच्याभोवती फिरत राहिली, पण तो काही हलेना. रोशनीला कारण सापडलं. ती ते समितीला सांगणार. समितीला सांगणार की पनवेलच्या एका टेक्निशियननं बिल्ला लावलाच नाही. ते हितेशच्या डॉक्टरांच्या कानावर जाणार नाही का?

पहाटे घाट चढायला लागल्यावर तिला राहवलं नाही.

"तू लिहिणार आहेस का हे?"

"लिहायलाच लागेल. नाहीतर माझं मोजणं खोटं ठरतं."

"आणि ह्यांचं काय? नाव घालणार नाहीस, मान्य. पण बिल्ला देव्हाऱ्यात ठेवणारा एक्स-रेवाला, रोडपालीचा, असे किती आहेत? डॉक्टर दुसऱ्या दिवशी दारात उभं करतील का? नियम मोडला म्हणतील. तुझं वर्ष वाचेल गं रोशनी. माझ्या घरात एकच पगार येतो."

शेवटची वाक्यं जरा मोठ्यानं गेली. पुढच्या बायांनी मान वळवली आणि पुन्हा समोर बघून चालायला लागल्या.

रोशनीनं वाद घातला नाही. "खरं आहे," एवढंच म्हणाली.

त्यामुळे समीक्षाला जास्तच वाईट वाटलं. भांडली असती तर बरं होतं. घाटाच्या कठड्याला हात लावत ती चढत राहिली. पालखीपुढं कुणीतरी आईचा उदो उदो केला, सगळ्यांनी साथ दिली, तिच्याही तोंडून शब्द आले. पण मागायचं काय? नवऱ्याची नोकरी मागावी तर मैत्रिणीचं बुडतं. मैत्रिणीचं मागावं तर घर. तिनं मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, आई, काय मागायचं ते आज मला कळत नाही, माझ्यावर सोडू नकोस.

वरच्या वळणावर चहावाला होता. पालखी टेकली. रोशनीनं दोन कप आणले आणि समीक्षाशेजारी कठड्यावर बसली. खाली दरीत धुकं नव्हतं, खोपोलीची घरं लख्ख दिसत होती.

"दयारामच्या बायकोच्या जावेचं काय म्हणालीस काल?" तिनं विचारलं.

"तिच्याकडं पण देव्हाऱ्यात आहे. असं ऐकलं मी."

"ऐकलंस. बघितलं नाहीस."

"नाही."

"हे बघ समू. रात्रभर मी हेच उलटंपालटं करतेय. एकच घर लिहिलं तर तो हितेश आहे हे कोणीही ओळखेल. तुझं बरोबर आहे, तसं मी लिहिणार नाही. पण पाच-सात घरं निघाली तर? तर तो कोणा एकाचा गुन्हा राहत नाही. मग मी समितीला सांगू शकते की ह्या पट्ट्यात बिल्ले घरी राहतात, का राहतात, आणि ते अंगावर यायला काय करावं लागेल. कोणाला दाराबाहेर काढायचं असेल तर मग ज्यांनी बिल्ला देताना नीट समजावलं नाही त्यांना करा, म्हणावं."

"पण विचारशील कुणाला? पुरुष सांगणार आहेत का तुला?"

"नाहीच सांगणार. सगळ्यांनी मला लिहून दिलंय, रोज लावतो मॅडम. खोटं बोलायचं म्हणून नाही. घरात आई कुठं ठेवते, बायको कुठं ठेवते, ही गोष्ट मॅडमला सांगण्यासारखी आहे असं त्यांना वाटलंच नाही. आणि मीही विचारलं नाही! मी कोळ्याची पोर, दसऱ्याला आमच्याकडे जाळं पूजतात, आणि मला सुचलं नाही." तिनं चहाचा घोट घेतला. "स्वयंपाकघरात विचारायला हवं. तिथं मी गेले की सगळ्या खुर्ची देतात आणि गप्प बसतात. तुझ्यापुढं गप्प बसणार नाहीत."

समीक्षानं कप खाली ठेवला. "आणि घरं निघालीच नाहीत तर? कोणी हो म्हटलंच नाही तर?"

"तर मी वैशाखात जाऊन सांगेन की मोजणं माझं बरोबर आहे, कारण मला सांगता येत नाही. दुसरं वर्ष जाईल." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, उद्या भरती किती वाजता आहे ते सांगावं तसं. "पण एक महिना हातात आहे. तोवर मी एकही दार सोडणार नाही."

बँजोवाल्यांनी सूर लावला. बाया पदर खोचून उठायला लागल्या. शांतीआत्या ओरडली, "चला गो, का घाटातच संसार थाटताव?"

रोशनी उठली नाही. तिनं समीक्षाकडे तोंड केलं. बोलताना ती जरा अडखळली, जशी ती समितीपुढंही कधी अडखळली नव्हती.

"मला तुझ्याकडून हवंय काही. परत गेलो की माझ्याबरोबर घरोघर चल. पण सुरुवात दयारामकडून नको, तुझ्याच घरापासून करू. हितेशला मी स्वतः विचारीन, सगळं सांगून, त्याच्या नोकरीचं सुद्धा. आणि तो नाही म्हणाला ना समू, तर माझ्याकडे बघून त्याला गळ घालू नकोस."